भाजीच्या कप्प्यातली डबी

मास्तरांच्या घरात तारखेवाचून काही राहत नसे. लोण्याची वडी, खोकल्याच्या औषधाची बाटली, इतकंच काय, उरलेल्या भाताच्या डब्यावरसुद्धा पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर निळ्या पेनाने घातलेली तारीख. हा मास्तरांच्या बायकोचा कारभार. एका मोठ्या दुकानातला थंड मालाचा विभाग त्यांच्या ताब्यात होता. दह्याचे डबे आणि चीजची पाकिटं उलटी करून तळाची तारीख वाचायची, जुनं पुढे ओढायचं, नवं मागे सारायचं, यात त्यांची निम्मी हयात गेलेली. दुकानातली पोरं त्यांना पाठीमागे तारीखबाई म्हणत. पुढे तोंडावरही म्हणू लागली, आणि बाईंना त्याचा राग येण्याऐवजी थोडा अभिमानच वाटायचा.

घरातही कायदा तोच, जुनं आधी. त्याला जोडून एक पोटकायदा होता, घरच्यांना कालचं आणि पाहुण्याला आजचं. पाहुणा आला की त्याच्यासमोर ताजं ताट यायचं आणि मास्तरांसमोर कालच्या तारखेचा डबा. "या घरात ताजं जेवायचं असेल," मास्तर म्हणायचे, "तर माणसानं आधी बाहेर जावं आणि बेल वाजवून आत यावं." बाई हसायच्या, पण डबा काही बदलायचा नाही.

मास्तर लोकांना गाडी शिकवत. छपरावर पाटी असलेली पांढरी गाडी, आणि त्यांच्या बाजूला जादा ब्रेक. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर पाय ठेवून बसायचं, हा त्यांचा धंदा. अशा माणसाला सिगारेट लागतेच, असं त्यांचं मत होतं. पण नात झाली तेव्हा मुलीने पाळण्याशेजारी उभं राहून बजावलं, "बाबा, ज्या हाताला धुराचा वास येतो त्या हातात मी माझी पोर देणार नाही." मास्तरांनी खिशातलं पाकीट तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि म्हणाले, "आजपासून सगळं बंद." मग ठमी त्यांच्या हातात आली. ठमी हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. कागदोपत्री तिचं नाव भलतंच सुंदर होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही.

सिगारेट खरोखरच सुटली. तलफ मात्र सुटली नाही. ती कशी भागवायची हे त्यांना मेहुण्याने दाखवलं. हा बायकोचा धाकटा भाऊ, घरं रंगवणारा. चाळिशी उलटली तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. एकदा शिडीवरून उतरता उतरता त्याने शर्टाच्या खिशातून गोल, चपटी डबी काढली. आत नखाएवढ्या पांढऱ्या, मऊ पुड्या. "निकोटिनचे पाउच, भाऊजी. वरच्या ओठाखाली ठेवायचा आणि विसरून जायचं. धूर नाही, वास नाही, थुंकणं नाही. तंबाखूसुद्धा नाही, नुसतं निकोटिन." यातला 'नुसतं' हा शब्द मास्तरांना फार पटला. आपण मुलीला दिलेला शब्द तर मोडत नाही ना, अशी एक शंका त्यांच्या मनात आली होती, ती या शब्दाने गप्प केली.

धाकट्याची रीत साधी होती. एक डबी घ्यायची, खिशात टाकायची, दोन दिवसांत संपवायची, मग दुसरी. मास्तरांचा स्वभाव साठवण्याचा. ऐनवेळी वस्तू संपलेली असणं त्यांना सहन होत नसे. त्यांनी एकदम दहा डब्या आणल्या आणि मग त्या ठेवायच्या कशा याचा असा काही अभ्यास केला, की तेवढा त्यांनी वाहन परवान्याच्या परीक्षेलाही केला नव्हता. ऊन लागलं की पाउच वाळतो. वाळला की पुदिन्याचा झणका उडतो. डबी बंद आणि गार ठेवली तर वर्षभर नीट राहते. म्हणजे फ्रिज आला. आणि फ्रिज म्हणजे तारीखबाईंचं राज्य.

फ्रिजच्या एकेका फळीवर बाईंची नजर रोज फिरायची. पण मास्तरांनी बायकोला पुरतं ओळखलं होतं. भाजीला तारीख नसते. म्हणून सगळ्यात खालच्या भाजीच्या कप्प्याकडे बाई हाताने जात, डोळ्यांनी नाही. मास्तरांनी तिथे तळाशी, गाजरांच्या पिशवीखाली, एका जाड कापडी पिशवीत डब्या ठेवल्या. आपल्या हुशारीवर ते इतके खूश झाले, की त्या कप्प्याची उंची बरोबर दीड वर्षाच्या पोरीचा हात पोचेल एवढीच आहे आणि गाजर हा त्या पोरीचा जीव की प्राण आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. बायकोच्या नजरेतून सुटलेली वस्तू नातीच्या हाती लागेल, हा विचार एखाद्या शहाण्या माणसाने केला असता.

आणखी एक गोष्ट. घरातला कायदा मास्तर आपल्या पिशवीला लावत नसत. नवी डबी वर टाकायची आणि वरचीच काढायची. त्यामुळे तळाची एक डबी तळालाच राहिली. कधीतरी त्यांनी ती उघडली, पाउच वाळलेले निघाले, चव गेलेली. टाकवेना, म्हणून झाकण लावून परत ठेवून दिली. झाकण सैल बसलं होतं.

धाकटा तेव्हा त्यांच्याकडेच राहायला होता. त्याच्या घरमालकाने घर विकलं आणि तो "आठवडाभर येतो, ताई" म्हणून आला आणि रुळला. त्याचे ब्रश गच्चीच्या दाराशी उभे असत, त्याच्या ताटात आता कालचं पडू लागलं होतं आणि ठमी त्याच्या खांद्यावर बसून घरभर फिरत होती.

त्या दुपारी मुलगी आणि ठमी आलेल्या. सगळे जेवून गप्पा मारत होते. स्वयंपाकघरातून फ्रिजचं दार वाजल्याचा आवाज आला, तेव्हा तारीखबाई कौतुकाने म्हणाल्या, "गेली वाटतं गाजराला." बराच वेळ पोर आली नाही. मुलगी उठून गेली आणि तिची किंकाळी ऐकू आली.

ठमी जमिनीवर बसली होती. ओठ पांढरे, तोंडातून लाळ, फ्रॉकवर उलटी. भोवती तीन-चार पाउच. मुलीने बोट घालून तिच्या तोंडातला एक काढला. धाकट्याने पोरीला उचललं आणि तो तसाच जिन्याकडे धावला, मागोमाग मुलगी. तारीखबाईंनी जमिनीवरची डबी उचलून पर्समध्ये टाकली आणि त्याही धावल्या.

मास्तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी कुलूप लावून येतो."

कुलूप लावायला किती वेळ लागतो? मास्तर भाजीच्या कप्प्यासमोर गुडघ्यावर बसले आणि उरलेल्या डब्या पिशवीसकट काढून आपल्या बॅगेत कोंबू लागले. नात जिन्यात ओकत होती आणि हा माणूस पुरावा गोळा करत होता. पाठीमागे हालचाल झाली म्हणून त्यांनी वळून पाहिलं. पोरीला तिच्या आईकडे देऊन धाकटा तिची चादर न्यायला परत आला होता. त्याने मास्तरांकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, खुर्चीवरची चादर उचलली आणि तो गेला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं. पाउच गिळला नव्हता, नुसता चोखला होता. रात्रभर ठेवून घेऊ, पण जिवाला धोका नाही, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, "किती ताकदीचा आहे? डबीवर लिहिलेलं असेल." तारीखबाईंनी डबी काढली, चष्मा नाकावर घेतला, डबी उलटी करून आकडा वाचला. आणि मग उगाचच काही वेळ त्या डबीच्या तळाकडे बघत राहिल्या. मास्तरांना वाटलं, बिचारीच्या डोळ्यांत पाणी आहे, अक्षर दिसत नसेल.

"नशीब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सहसा मुलं लगेच थुंकतात. झोंबतं ना तोंडाला. हिनं कसा काय इतका वेळ ठेवला?"

याचं उत्तर त्या खोलीत फक्त मास्तरांना ठाऊक होतं. ताजा असता तर पुदिन्याने पोरीचं तोंड भाजलं असतं, रडत तिने तो फेकून दिला असता. त्यांना जो टाकवला नव्हता, त्या पाउचची चव मेली होती, विष मात्र जिवंत राहिलं होतं. हे वाक्य त्यानंतर त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

पोर झोपल्यावर मुलगी बाहेर आली. "कुणाची आहे ही डबी?" तिने विचारलं, पण विचारता विचारताच तिचं तोंड धाकट्याकडे वळलं. त्याच्या शर्टाच्या खिशाला डबीचा गोल आकार कायमचा उमटलेला होता. "मामा?"

धाकट्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी हात कसे धुवावेत हे दाखवणाऱ्या भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. एरवी म्हणतात, माणूस मूग गिळून बसतो. मास्तरांच्या तोंडात मूग नव्हता, पाउच होता. येता येता गाडीतच त्यांनी ओठाखाली एक सारला होता.

"माझीच," धाकटा म्हणाला. "चुकून राहिली."

"चुकून?" मुलीचा आवाज चिरका झाला. "मामा, तू जोवर आईच्या घरात आहेस, तोवर माझी पोर तिथं पाऊल टाकणार नाही. ऐकलंस ना, आई?"

तारीखबाई म्हणाल्या, "ऐकलं."

दुसऱ्या दिवशी धाकट्याने ब्रश गोळा केले. तारीखबाईंनी त्याला दार उघडून दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर दाराआड उभा राहून चपला शोधण्याचं नाटक करत होता.

दोन-चार दिवसांत राग निवळेल, मग सांगू, असं मास्तरांनी ठरवलं. राग निवळला, तेव्हा त्यांना वाटलं, निवळलेलं पाणी कशाला ढवळा. मग मुलगी ठमीला घेऊन पुन्हा येऊ लागली, आणि पोर "मामा कुठे?" म्हणून खोल्या धुंडाळू लागली, तेव्हा तर त्यांची जीभ टाळ्यालाच चिकटली. भाजीच्या कप्प्याला मुलीने आता कडी बसवून घेतली होती. ती कडी उघडताना रोज मास्तरांना कानकोंडं व्हायचं.

पण पाउच सुटले नाहीत. ते आता गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात राहत. उन्हात तापून वाळून खुळखुळे झाले होते. वळणावर डब्या खडखडत. निवृत्तीनंतर हौसेने गाडी शिकणाऱ्या एका मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मास्तर, काहीतरी सुटलंय हो तुमच्या गाडीत."

"स्क्रू आहेत, जुने."

"मग काढून टाका की. मी डावीकडे वळू की तो आवाज ऐकू?"

मास्तरांना हसू आलं नाही. खाई त्याला खवखवे, आणि यांना तर गाडी वळली की खवखवायचं.

एका शनिवारी सकाळी तारीखबाईंनी त्यांच्या हातात डबा दिला. "धाकटा उद्या चाललाय. लांबच्या शहरात, कुठल्याशा ठेकेदाराकडे वर्षभराचं काम घेतलंय त्यानं. मला जायला वेळ नाही. तेवढा डबा पोचवा." शनिवारी त्यांना दुकानात सुट्टी असते, हे मास्तरांना माहीत होतं. त्यांनी डबा घेतला आणि निघाले.

धाकट्याची खोली रंगाच्या दुकानावर होती. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेले ब्रश. त्याने भाऊजींना खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसला. डब्याच्या झाकणावरची पट्टी वाचून तो हसला. "आजची तारीख! बघा भाऊजी, पाहुणा झालो मी ताईचा. घरात होतो तेव्हा कालच्या भाताशिवाय काही दिसलं नाही."

मास्तरांनाही हसावं लागलं. ओठाखालचा पाउच जागेवर ठेवून हसायचं म्हणजे तोंड वाकडंच होतं.

"जायलाच हवं का रे?" त्यांनी विचारलं.

"इथं राहून काय करू? ठमी खालच्या रस्त्यानं जाते कधी आईच्या कडेवर. मी आत सरकतो. उगाच तिच्या आईला त्रास नको." तो ब्रशाचे केस बोटांनी मोकळे करत राहिला. "मी सोडलं, भाऊजी. त्या दिवसापासून शिवलो नाही. खिशात हात जायचा, आणि पोरीचं ते पांढरं तोंड समोर यायचं. माझ्याच खिशात बघून तिला ते खेळणं वाटलं असेल. मीच दाखवायचो ना तिला डबी वाजवून. तेवढी चूक तर माझी आहेच."

जो निर्दोष होता त्याने आपल्या वाट्याची चूक शोधून काढली होती आणि तिचं प्रायश्चित्तही घेतलं होतं. मास्तरांना वाटलं, त्याने शिव्या द्याव्यात, बॅगेची आठवण काढावी, दारातून हाकलून लावावं. धाकट्याने त्यातलं काहीच केलं नाही. त्याने विचारलं, "पाणी देऊ का? घसा बसलाय तुमचा." मास्तर नको म्हणाले आणि जिना उतरले. खाली येऊन त्यांनी पाउच थुंकला आणि भिंतीला धरून उभे राहिले. स्वतःची इतकी किळस त्यांना पूर्वी कधी आली नव्हती.

ते घरी गेले, ते डॅशबोर्डचा खण रिकामा करूनच. तारीखबाई जेवणाच्या टेबलाशी लसूण सोलत होत्या. मास्तरांनी एकेक करून सगळ्या डब्या त्यांच्यासमोर ठेवल्या.

"माझ्या आहेत. ती पण माझीच होती. भाजीच्या कप्प्यात मी ठेवल्या होत्या. धाकट्याचा काही संबंध नाही."

बोलून झाल्यावर ते वाट बघत राहिले. बाई ओरडतील, रडतील, टेबलावरून सगळं खाली लोटून देतील. बाईंनी हात पदराला पुसले, एक डबी उचलली, उलटी केली, तळ वाचला. मग दुसरी. मग तिसरी. आणि त्यांच्या नकळत त्यांच्या हातांनी डब्या लावायला सुरुवात केली, जुनी पुढे, नवी मागे. सगळी रांग लागल्यावर त्या म्हणाल्या, "त्या दिवशीची यांच्यापेक्षा जुनी होती."

मास्तरांना क्षणभर अर्थ लागला नाही.

"दवाखान्यात वाचली मी तारीख. धाकटा आपल्याकडे यायच्या आधीच तिची मुदत संपलेली. आणि त्याच्याकडे काही शिळं व्हायला वेळच कुठं मिळतो? आणलं की संपलं. शिळं होईतो साठवून ठेवणारा माणूस या घरात एकच आहे, अहो."

"तुला तेव्हाच कळलं?"

"तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." त्यांनी एक डबी सरळ केली. "मग वाटलं, मुलीसमोर, जावयासमोर तुमची मान खाली जाईल. भाऊ काय, आपलाच आहे, सोसेल. म्हणून मीच दार उघडून दिलं त्याला. जाताना माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं की मला माहीत आहे." इतका वेळ कोरड्या असलेल्या त्यांच्या आवाजाला इथे तडा गेला. "तुम्ही नुसते गप्प बसलात. घालवलं त्याला मी."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ दोघांनी दोन बाजूंनी धरली होती, आणि आत काय आहे हे दोघांनाही माहीत होतं.

मास्तरांनी फोन उचलला आणि स्पीकर चालू करून मुलीला लावला. बायकोसमोरच बोलायचं, म्हणजे पुढे एखादा शब्द खाली-वर करता येणार नाही, असा त्यांचा विचार. त्यांनी सगळं सांगितलं. दिलेला शब्द मोडल्याचं, गाजरांच्या पिशवीचं, कुलूप लावायच्या निमित्ताने मागे राहिल्याचंही. त्या बॅगेचं सांगताना ते अडखळले, तेव्हा त्यांनी पुन्हा सुरुवात करून सांगितलं.

 पलीकडे ठमी काहीतरी आपटत होती. मग मुलगी म्हणाली, "आईला माहीत होतं?"

मास्तरांनी समोर पाहिलं. तारीखबाई लसणाच्या पाकळीकडे बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला बसलेल्या या माणसाने पटकन सांगून टाकलं, "नाही गं. तिला आत्ताच कळलं."

"खोटं बोलताहेत," तारीखबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. "मला त्या दिवशीच माहीत होतं."

आता मुलगी रडू लागली. आई-बाप ऐकत बसले. शेवटी ती म्हणाली, "मामाला मी काय काय बोलले. आणि तुम्ही दोघं तिथं उभे होतात. दोघं!" मग नाक ओढून, अगदी शांत आवाजात, "बाबा, मी मामाला जे सांगितलं होतं, तेच तुम्हाला लागू. तुम्ही त्या घरात असाल तोवर ठमी येणार नाही. मी मामाला आत्ता फोन करते." फोन बंद झाला.

 मास्तरांनी उठून कपाटावरची बॅग काढली. तीच बॅग.

"कुठं?" बाईंनी विचारलं.

"धाकट्याच्या खोलीचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं आहे. तो इथं येऊ दे. ठमी येईल मग. मी तिकडे राहतो."

"किती दिवस?"

"ती म्हणेल तोवर."

त्यांना मनातून वाटत होतं, बायको म्हणेल, बसा खाली, नाटकं पुरेत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस तेवढी आशा करतोच.  बाईंनी डब्यांची रांग एका हाताने पिशवीत ओढली, पिशवीला दोन गाठी मारल्या, कचऱ्यात टाकली आणि पुन्हा लसूण सोलायला बसल्या.

रविवारी दुपारपर्यंत मास्तर रंगाच्या दुकानावरच्या खोलीत पलंगावर बसून होते. ओठाखाली काही नव्हतं. हातांना कंप होता, डोकं ठणकत होतं, आणि हे सगळं त्यांना योग्यच वाटत होतं. धाकटा जिना चढून आला. शर्टाच्या खिशावरचा गोल वण अजून तसाच होता, खिसा मात्र रिकामा.

"ठेकेदाराला नाही म्हणून कळवलं," तो म्हणाला. "ठमी खांद्यावरून उतरायलाच तयार नाही. आत्ता झोपली म्हणून आलो. तुम्हाला विचारत होती."

"काय विचारत होती?"

"आजोबा कुठे, म्हणून सगळ्या खोल्या बघून आली." धाकटा थांबला. "ठमीची आई येईल हळूहळू वळणावर, भाऊजी. रागावलीय, पण आपलीच आहे."

"तू नाही रागावलास?"

"मी तुमच्यावर नाही रागावलो," तो म्हणाला. "ताईवर रागावलो होतो. काल ती जिन्यात उभी राहून रडली, तेव्हा गेला राग." मग त्याने पिशवीतून डबा काढून खुर्चीवर ठेवला. "तिनं दिलाय. खा, निवेल." आणि ठमी उठेल म्हणून तो लगबगीने गेला.

डबा हाताला गरम लागत होता. मास्तरांनी चष्मा लावला. झाकणावर पांढरी पट्टी होती, निळ्या पेनाने, त्यांच्या बायकोच्या ठाशीव अक्षरात घातलेली तारीख. ती आजची होती.

त्यांनी ती दोनदा वाचली. घरात अजून कालचं काहीतरी असणारच, नेहमी असतं. ते आता धाकट्याच्या ताटात पडलं असेल आणि धाकटा कुरकुरत, हसत जेवला असेल. मास्तरांनी झाकण उघडलं. वाफ चष्म्यावर आली. आत गाजराची भाजी होती, आत्ताच केलेली. त्यांनी घास उचलला आणि तो तसाच हातात धरून बसले. कालची असती, तर त्यांनी ती डबा पुसून खाल्ली असती.